चार पाय मोजा

"आधी हात, मग पाणी," असं पुटपुटत मामा उलट्या हातानं माझी पोटरी चाचपायचे. मी जिन्यात जरा लंगडलो की हे ठरलेलं. "डावा गरम हाय. दोन दिस चालू नका." माझ्या बायकोनं एकदा विचारलं, "मामा, यांना हरभरे पण भिजत घालू का?" मी हसलो, मामा नाही. पायाच्या बाबतीत ते कधीच हसत नसत.

मुंबईच्या वेशीवर, पेणकरपाड्यात, ते आमच्या समोरच्या खोलीत राहायचे; सगळा मजला त्यांना मामाच म्हणायचा. मूळचे धाराशिवकडचे, आणि मुंबईच्या रेसकोर्सवर मोतद्दार. घोड्याचं खाणंपिणं, खरारा, फिरवणं, सगळं त्यांच्याकडे. पण रोज सकाळी पहिलं काम पाय चाचपण्याचं. पाय हाताला गरम लागला की आत काहीतरी दुखावलंय; ट्रेनरला सांगायचं. नंतरच बर्फाचं पाणी मारायचं. क्रम चुकला तर गारव्यात ऊब लपते.

ही भीती उगाच नव्हती. मागे त्यांच्या एका घोड्याचा पाय शेवटच्या वळणावर मोडला होता. तिथेच आडपडदा धरून डॉक्टरांनी त्याला इंजेक्शन देऊन संपवलं, आणि मामा त्याची रिकामी मोरखी, म्हणजे तोंडावर बांधायचा दोर, हातात घेऊन घरी आले. तेव्हापासून ते शर्यतीकडे पाठ करून उभे राहत आणि शेजारच्याला म्हणत, "पाय मोजा." चारही जमिनीवर टेकतायत ना, एवढंच त्यांना कळायला हवं असे.

मग त्यांच्याकडे नवा घोडा आला, बाळ्या. कागदावर त्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. तो डर्बीत, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीत, धावणार हे कळल्यावर अख्ख्या मजल्यानं पेढे खाल्ले. डर्बी घोड्याच्या नशिबी एकदाच येते. पुढल्या वर्षी वय निघून जातं. मामांनी मला पास आणून दिला.

शर्यतीआधी तबेल्यापाशी त्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता.

"दादा, चुकलं. सकाळी घाईत आधी पाणी मारलं. मग हात लावला."

"मग? गरम लागला?"

"आता काय कळणार? डॉक्टर बघून गेले, ठीक हाय म्हनले. पर डावा पुढचा पाय तो जरा जपून टाकतोय. माझ्याच डोळ्याला दिसतंय."

"ट्रेनरना सांगा ना."

"सांगितलं तर घोडा काढतील. डर्बी हाय, दादा."

मी पुन्हा सांगा म्हणालो नाही. खरं सांगतो, मलाही डर्बी बघायची होती.

घोडे सुटले. मामा पाठ करून, मोरखी छातीशी धरून उभे. "पाय मोजा, दादा." धावत्या घोड्याचे पाय कोण मोजणार? शेवटचं वळण आलं. शेजारचे लोक ओरडत होते आणि मी मनात म्हणत होतो, पडू नको, पडू नको. आमच्या दोघांच्या गप्प बसण्यावर तो जीव धावत होता.

बाळ्या जिंकला.

"किती?" मामांनी मागं न बघता विचारलं.

"चार, मामा. चारही टेकतोय."

ते वळले आणि तडक बाळ्याकडे गेले. बक्षिसाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, मामा घोड्याच्या डाव्या पायाकडे.

दुसऱ्या दिवशी ते पिशवी घेऊन आमच्या दारात उभे. नोकरी सोडली होती.

"अहो, जिंकला की! पायालाही काही झालं नाही."

"म्हनून तर भ्या वाटतंय," मामा म्हणाले. "काही झालं न्हाई. म्हंजी पुढल्या टायमालाबी मी गप बसणार."

"जयभीम, दादा," म्हणत ते जिना उतरले. गावी गेले ते परत आले नाहीत. खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे.

लग्नसराईत आमच्या गल्लीतून वरात जाते. पोरं नाचतात, बायका नवरदेव बघायला खिडकीत येतात. मी आधी घोडीचे पाय मोजतो. चार भरतात, तरी घोडी वळणाआड जाईपर्यंत मी परत परत मोजतो.