घमेल्यावरची दवंडी

“उतर खाली. पायरीवर कुठं बसतोस? आत देव मांडल्यात.”

असं आबासाहेब म्हणाले, भरल्या पाव्हण्यांत. त्यांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत हुती. ती पायरी मी बसवलेली. जोत्यापासनं गच्चीपर्यंत बंगला माझ्या हातचा. कुंडलच्या अलीकडं, रानाला लागून. मी गवंडी. शाळा दुसरी.

वास्तुशांतीला गवंड्याला टॉवेल-टोपी देत्यात. रीत हाय. म्हणून बसलो हुतो. टोपी ऱ्हायली, मजुरीची बाकीबी दिली न्हाई. “उद्या ये.” ते उद्या वरीसभर चाललं. शेवटी मी कोर्टात दावा लावला.

माझ्या वहीत बाकी त्यांनीच लिहून सही केलेली. कोर्टानं ती वही मानली. निकाल माझ्या बाजूनं लागला, हुकूमनामा हातात आला. मला वाटलं, आता कोर्टच पैसं धाडंल. कागद ट्रंकेत ठेवला, लुगड्यात गुंडाळून. दोन दिवाळ्या गेल्या.

बाजारात आबासाहेब भेटले. “काय रं, निकालाला फ्रेम केलीस का न्हाई?”

लोक हसले. मीबी हसलो. त्या हसण्याची लाज मला अजून हाय.

तसाच तालुक्याच्या एका वकीलबाईंकडं गेलो. त्यांनी कपाळाला हात लावला. “आवं बाबा, कागद निजवून ठेवला व्हय? कोर्ट आपणहून काय करत न्हाई. दरखास्त घाला, वसुलीचा अर्ज. बंगल्यावर जप्ती लागली की सातबाऱ्यावर बोजा चढतो. मग त्यांनी बंगला विकला तरी तुमचा हक्क सुटत न्हाई.”

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आबासाहेबांना ठावं हुतं.

दरखास्त घातली. कोर्टाचा बेलीफ जप्तीचा हुकूम घेऊन आला. दवंडी पिटावी लागती म्हणाला. हलगीवाला आलाच न्हाई. त्याला त्याच गावात ऱ्हायचं हुतं. बेलीफ घड्याळ बघाया लागला.

मी सायकलवरचं घमेलं काढलं. थापी काढली. त्याच पायरीवर उभा ऱ्हायलो आन बडवलं. आवाज लय वंगाळ. पण वस्ती बाहेर आली. बेलीफानं हुकूम वाचला आन भिंतीला डकवला. माझ्याच गिलाव्यावर.

“गवंड्या, लायकी बघ तुझी!” आबासाहेब गच्चीवरनं वरडले. मी वर बघितलं न्हाई. बडवत ऱ्हायलो.

तलाठ्यानं सातबाऱ्यावर बोजा चढवला. साताऱ्याचं गिऱ्हाईक बंगला घ्यायला आलं हुतं, उतारा बघून माघारी गेलं.

परवा आबासाहेबांची गाडी माझ्या दारात. काच निम्मी खाली.

“निम्मं घे आन बोजा उतरव. म्हातारपणी लय झाली कोर्टाची हौस.”

“कोर्टात भरा. सगळं, याजासकट. मग उतरंल.”

“तवर मरशील की रं.”

“मरंन. माझी पोरगी हाय. बोजा माझ्यासंगं जळत न्हाई.”

काच वर गेली.

पोरीला हुकूमनामा दावून ठेवलाय. निम्म्याव सही करायची न्हाई, मी अंथरुणाला खिळलो तरी. पैसं भरलं न्हाई तर लिलाव निघंल. त्याचीबी दवंडी असती. हलगीवाल्याला सांगावा धाडायचा न्हाई. घमेलं हाय. पायरी ठावी हाय.