माझ्या भावाची लवंग

माझा थोरला भाऊ इद्रुस चौतिसाव्या वर्षी वारला. गुरुवार होता. त्या वेळी तो कंपनीची होडी वल्हवत होता, आणि वारल्यावरही वल्हवतच राहिला. संध्याकाळी घरी येऊन त्याने भाजलेला मासा आणि सागूच्या पिठाच्या चार भाकऱ्या मागून घेतल्या. मेलेल्या माणसाची ही भूक बघून रडावं की ओरडावं ते मला कळेना, म्हणून मी ओरडले.

झालं होतं असं. आमच्या बेटावर मूल जन्मलं की बाप त्याच्या नावाने लवंगेचं रोप लावतो. झाड आहे तोवर माणूस आहे, झाड गेलं की माणूस गेला. हे कुठल्या किताबात नाही, पण गावात आहे, आणि राहायचं तर आम्हाला गावातच. मग वलंदेज गोऱ्यांच्या कंपनीने ठरवलं की लवंग फक्त अंबोन बेटावर पिकवायची, आमच्याकडची सगळी तोडायची. आमच्या सुलतानाने मान डोलावली. कुऱ्हाडी घेऊन शिपाई निघाले, आणि त्यांच्या होड्या वल्हवायला गावोगावची माणसं धरली. आमच्या गावातून इद्रुसला धरलं.

इकडे आमच्या इमामकाकांनी तोड काढली. सगळ्या गावाला डोंगरावर नेऊन त्यांनी एकेकाला लवंगेवरून कनारीच्या झाडावर हलवलं. कनारीच्या बिया बदामासारख्या लागतात, कंपनीला त्यांच्याशी काही देणंघेणं नाही. आधी उजवा तळवा लवंगेवर ठेवायचा, मग धावत जाऊन तोच कनारीवर. दोन दिवसांत सगळं गाव सुखरूप कनारीवर पोचलं. राहिला एकटा इद्रुस. तो आपल्याच झाडासाठी कुऱ्हाड वल्हवत आणत होता. गुरुवारी शिपायांना उतरवून तो होडी पुढे नेतोय, तोवर डोंगरावर त्याची लवंग पडलीही.

"मग हलवा की त्याला आता," मी इमामकाकांना म्हणाले.

"आता कसं हलवणार, सालेहा? त्याला माणूस जिवंत लागतो."

"हा काय समोर उभा आहे! ढेकर देतोय!"

"देऊ दे गं बिचाऱ्याला," काका हळहळले. इद्रुसच्या डोक्यावरून हात फिरवताना त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं.

काका मनाने वाईट नव्हते, पण नियम म्हटला की त्यांच्यापुढे दगडही मऊ. त्यांनी इद्रुसचं नाव कंपनीला मयत म्हणून कळवलं. कंपनीच्या सार्जंटने त्याला जिवंतांच्या पानावरून खोडून मेलेल्यांच्या पानावर लिहिलं, आणि इद्रुसची वल्हवण्याची वेठ सुटली. गावातल्या चार जणांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "कसं जमवलंस रे?" पण गावच्या जाळ्यातल्या माशांत त्याचा वाटा बंद झाला. बायकांचीही पंचाईत झाली. रागाने त्याला 'मेल्या' म्हणावं, तर ती आता शिवीच राहिली नव्हती.

हे सगळं इद्रुसने हसून घेतलं असतं, पण मध्ये मायमुना होती. ती विधवा, किनाऱ्याजवळ राहायची आणि सागूची भाकरी भाजायचे मातीचे साचे करायची. तीन वर्षं इद्रुस तिच्याकडे साचे आणायला जात होता. आमच्या घरात माणसं दोन आणि साचे सव्वीस. शेवटी एकदाचं त्याने तिला विचारलं, ती हो म्हणाली, आणि दोघं इमामकाकांकडे गेली.

"पोरी, तुझा एक नवरा मेलेला आहेच," काका म्हणाले. "दुसराही मेलेलाच कशाला?"

"पहिला बोलत नाही काका. हा निदान बोलतो तरी."

काकांनी ऐकलं नाही. त्या दिवशी इद्रुस जेवला नाही. मला इतकं वाईट वाटलं, की मी सव्वीसच्या सव्वीस साचे घासून ठेवले.

वर्षभराने इद्रुसच्या लवंगेच्या खुंटाला कोंब फुटला. लालसर कोवळी तीन पानं. सगळं गाव डोंगरावर धावलं. इमामकाका गुडघ्यांवर बसले, पानं दोनदा मोजली.

"थोडासा आहे," ते म्हणाले.

बैठक बसली. तीन पानांपुरतं त्याला मशिदीत शेवटच्या ओळीत उभं राहायची मोकळीक मिळाली, आणि माशांत अर्धा वाटा. कनारीवर हलवता येईना, कारण तळवा टेकायला खोड हवं. आणि लग्न? सात पानं झाली की बघू. मी त्या कोंबावर कोंबडीचं डालगं पालथं घातलं, वर दगड ठेवला. कारण कंपनीचा हुकूम होता की ज्याच्याकडे लवंगेचं एकही पान सापडेल, त्याला पाच वर्षं बेड्या घालून किल्ल्यावर राबवायचं. गावात जिवंत व्हावं तर कंपनीचा गुन्हेगार, आणि कंपनीतून सुटावं तर गावात मेलेला.

सहा पानं झाली आणि शिपाई घेऊन सार्जंट आला. तपासणी करत डोंगरावर चढला, मागोमाग आम्ही सगळे. त्याने दगड सरकवला, डालगं उचललं. डालग्याआड बसलेली कोंबडी फडफडत त्याच्या टोपीवर गेली.

"हे कोणाचं?"

"इद्रुसचं," इमामकाका म्हणाले. "तो मेला. तुमच्याच यादीत आहे."

सार्जंटने यादी काढली, मेलेल्यांच्या पानावर बोट फिरवलं. "बरोबर. मेलेल्याला शिक्षा नाही. उपटतो आणि जातो."

इद्रुस माझ्या शेजारीच उभा होता. नुसतं गप्प बसायचं होतं. मी त्याला कचकन चिमटा काढला. त्याने मायमुनाकडे पाहिलं.

"माझं आहे ते," तो म्हणाला. "मी इद्रुस."

"तू मेलेला आहेस," सार्जंट म्हणाला.

"सहा पानांइतका जिवंत आहे."

सार्जंटच्या कपाळाला घाम आला. नियम असा, की आधी गुन्हेगाराचं नाव लिहायचं, मगच रोप उपटायचं. आणि एकदा मेलेल्यांच्या पानावर गेलेलं नाव परत जिवंतांच्या पानावर कसं आणायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तो दगडावर बसून लेखणी चावू लागला.

"काका," इद्रुस म्हणाला, "अजून उपटलेलं नाही. आत्ता मी आहे. जे करायचं ते आत्ता करा."

"एक पान कमी आहे रे."

"सातवं मला धरा," मायमुना म्हणाली.

काका कोंबाकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. मग खाकरले. "तळवा नाही तर बोट ठेव. हं, पळ!"

इद्रुसने कोंबावर बोट टेकवलं आणि कनारीकडे धूम ठोकली. पळून चालला असं वाटून दोन शिपाई मागे धावले. त्याने झाडावर तळवा ठेवला आणि आपल्याच पायांनी परत आला. काकांनी तिथल्या तिथे निकाह लावला. नवरीला द्यायची मेहेर म्हणून इद्रुसने सव्वीस साचे दिले, तिचेच. तेवढ्यात सार्जंटने जिवंतांच्या पानावर समासात जागा करून नाव बसवलं, वाळू टाकून शाई वाळवली आणि कोंब उपटला.

आम्ही सगळे इद्रुसकडे बघत राहिलो. तो उभाच होता. मग त्याला बेड्या घातल्या आणि खाली नेलं.

मायमुना माझ्याकडे राहायला आली. रोज सकाळी ती डोंगरावर जाऊन कनारी बघून येई. तिसऱ्या वर्षी सार्जंट पुन्हा आला. त्याच्या हातात कागद होता. इद्रुस किल्ल्यावर तापाने वारला, दफनही झालं.

मायमुना डोंगर चढू लागली, आणि तिच्यामागे मी आणि सगळं गाव. कनारी हिरवीगार होती, बियांनी लगडलेली. तिने खोडावर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि खाली आली.

"साहेब, तुमच्या यादीत तो आधीही मेलेलाच होता," ती म्हणाली.

सार्जंटने इमामकाकांकडे पाहिलं.

"झाड उभं आहे," काका म्हणाले. "नियम तो नियम."

त्या दिवशी मी भाकऱ्या भाजायला बसले. इद्रुसच्या नावाच्या दोन बाजूला काढून ठेवल्या. मायमुनाने माझ्या हातातला साचा घेतला आणि त्यात आणखी पीठ भरलं.

"चार," ती म्हणाली. "तो चार खातो."