महादेवाच्या कव्हरातला सैतान

आमच्या महानंदाचं लग्न सैतानाने जमवलं.

आमच्या यांचं सोलापुरात सात रस्त्याजवळ रेकॉर्डींचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. बेलबॉटमचे दिवस. एकदा हे मुंबईहून भजनांबरोबर इंग्रजी रेकॉर्डींचा एक गठ्ठाही घेऊन आले. कव्हरांवर कवट्या, आग आणि शिंगं फुटलेला एक बाप्या!

"हे काय आणलंत?"

"हेवी मेटल म्हणतात याला. परदेशात लोक उड्या टाकतात."

"हितं कोण टाकणार? एक जरी खपली तर माझं नाव बदला!"

आणि नेमके दुसऱ्याच दिवशी अक्कलकोटहून महानंदाला बघायला पाहुणे येणार होते. मुलाचे वडील अप्पा म्हणजे कपाळभर भस्म लावणारे कडक गृहस्थ. आधीची दोन स्थळं मोडली होती (एकांना पोरगी उंच वाटली, दुसऱ्यांना तिची आई तोंडाळ वाटली). हेही मोडलं असतं, तर त्या बाजूने पुन्हा कुणी फिरकलं नसतं.

तो शिंगवाला अप्पांच्या नजरेस पडला तर? सकाळी हे बाजारात गेले, तशी मी सगळी इंग्रजी कव्हरं काढून बंबात घातली. पाणी झकास तापलं! पण उघड्या रेकॉर्डी ठेवायच्या कशात? सोलापूरच्या उन्हात भजनांच्या रेकॉर्डी पापडासारख्या वाकायच्या. हे त्या फेकायचे, मी कव्हरं जपून ठेवायची (चांगला पुठ्ठा मला टाकवत नाही). सगळ्यांवर महादेव! सैतानाला महादेवात घातलं, कपाटाच्या खालच्या फळीवर रचलं, वर खरी भजनं ठेवली आणि स्वयंपाकाला लागले. यांना सांगायचं राहिलं.

पाहुणे आले. अप्पांनी कपाट पाहिलं आणि हात जोडले.

"वा! एवढा महादेव एका घरात! लावा की एखादं भजन."

मी आत चहा गाळत होते. हातातली गाळणी टाकून धावले. "अहो, ते नको! वरचं लावा, वरचं!" पण यांनी सुई टेकवलीसुद्धा.

पहिल्यांदा घंटा वाजल्यासारखं वाजलं. अप्पांनी डोळे मिटले. आणि मग जे सुरू झालं! एकाच खोलीत शंभर माग चालू केले आणि वर कुणाची तरी शेपटी दारात चेंगरली!

"एनिदु! एनिदु!" अप्पा उडालेच. (म्हणजे कानडीत 'हे काय!' घाबरलं की माणूस घरच्या भाषेत घाबरतो.) चिवड्याची बशी यांच्या मांडीवर. अप्पा चपला शोधू लागले. "ऊठ रे शिवानंदा! ही असली भजनं ऐकणारी माणसं? चल!"

संपलं, म्हटलं मी. पोरगी आता माझ्याच उरावर.

पण शिवानंद उठेना. "अप्पा, थांबा की! पुण्यात कॉलेजात असताना ही रेकॉर्ड मी किती शोधली!" मग महानंदाकडे वळून, "तुमाला आवडतं हे?"

आमची महानंदा! पाहुण्यांसमोर नावसुद्धा नीट सांगत नसे. खाली मान घालून म्हणाली, "दुसरी बाजू याहून चांगली हाय."

मला वाटायचं, दुपारी मी झोपले की पोरगी दुकानात जाऊन भजन ऐकते! काल तर गठ्ठा आला, आणि हिने तेवढ्यात दोन्ही बाजू ऐकल्या!

पोराच्या हट्टापुढं अप्पा नमले, लग्न ठरलं. अप्पांनी एकच अट घातली, मांडवात सनईच वाजेल.

खरा धक्का पुढेच होता. शिवानंदाने काय सांगितलं कोण जाणे, कॉलेजची पोरं दुकानात रांग लावू लागली.

"काकू, ती महादेवातली द्या की!"

"महादेवातलीच कशाला?"

"घरी वडील कव्हर बघत्यात ना!"

गठ्ठा संपला. यांनी दुसरा मागवला, मग तिसरा. आमच्या वाकलेल्या भजनांची कव्हरं संपली, पण मागणी संपेना! हे मला मुद्दाम हाक मारत, "अगं, नवीन नाव काय ठेवू तुझं?"

परवा नातू सांगत होता, तेव्हापासून आजवर दर पिढीत या संगीताच्या रेकॉर्डी जगभर धडाधड खपल्या. शौकीन लोक आता जुनी कव्हरं शोधत फिरतात म्हणे. "आजी, तुझ्याकडं एखादं असेल की?"

त्याचा बाप शिवानंद कोपऱ्यातून हसला. तो कव्हरांबद्दल मला दर दिवाळीला विचारतो.

काय सांगू? म्हटलं, "होती रे. त्यावर तुझ्या आजोबांनी अंघोळ केली."