पेजेची निवळ

माझी धाकटी बहीण तेव्हा सव्वा वर्षाची होती. मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या कडेला आमचं गाव. भादव्यात ओढा गढूळ वाहायचा आणि लहान पोरं हगवणीने बेजार व्हायची. त्या वर्षी शेजारचं एक मूल गेलं होतं. म्हणून बहिणीला जुलाब लागले तसे वडील सकाळीच मुरबाडला डॉक्टर आणायला चालत निघाले.

थोरल्या चुलतीने आईला बजावलं, "पानी पाजू नको. पाजशील तेवढं खालून जाईल."

आईने ऐकलं. दुपारपर्यंत बहिणीचे डोळे खोल गेले. ती रडायची, पण डोळ्यांत टिपूस नाही. चुलतीची पाठ वळली की मी ओलं बोट तिच्या ओठांना लावायचे. ती ते चोखत राहायची.

तेवढ्यात डोंगरातल्या आदिवासी वाडीवरची ठाकरीण रानभाजी घेऊन आली. ती अंगणातच थांबायची. तिने ओटीवर चढायची रीत नव्हती. आईच्या कडेवरच्या बहिणीकडे बघून तिने पाटी खाली ठेवली. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली.

"पोर सुकलंय गो! पानी का तोडलंस?"

"सगळं भायेर जातंय."

"जाऊ दे. जातंय त्याच्याहून जास्ती घाल. माझी दोन पान्यावाचून गेली. तिसऱ्याच्या येळी मी कुनाचं ऐकलं नाय."

आईने तिचा हात धरला आणि तिला थेट चुलीपाशी नेलं. चुलती काहीतरी बोलली. आईने वळूनही पाहिलं नाही. पेज शिजवली, वरची निवळ गाळली, मिठाचा खडा टाकला. ठाकरीण बहिणीला मांडीवर घेऊन बोंडल्याने घोट घोट पाजत बसली. पोर ओकली की थांबायची, मग पुन्हा पाजायची. "पी गो माझे बाय," एवढंच म्हणायची.

उन्हं कलली तेव्हा बहिणीने सकाळपासून पहिल्यांदाच लघवी केली, ठाकरणीच्या लुगड्यावर.

"मुतली गो, मुतली!" ठाकरीण हसायला लागली. आई मात्र राखेच्या हातांनी तोंड झाकून रडली.

वडील दिवेलागणीला एकटेच परतले. डॉक्टर शहापूरकडे गेले होते, उद्या येणार होते. चुलीपाशी ठाकरीण बघून ते दारातच थबकले.

"ही आत कशी?"

"माझी भन हाय," आई म्हणाली.

वडिलांनी लेकीच्या कपाळाला हात लावला. मग ठाकरणीला म्हणाले, "बाय, जेवल्याबिगर जाऊ नको."

बहीण सावरायला पंधरा दिवस लागले. तोवर ठाकरीण रोज यायची, आणि आली की सरळ आत.