रकान्यातला ताप

“गुरुजी, वाचा की मोठ्यानं! तोंडात गूळ धरलाय का?”

आत्या अशी ओरडली की शिरूरच्या तहसिलीतली कबुतरं उडाली, ती थेट दौंड स्टेशनच्या पत्र्यावर जाऊन बसली असणार.

टेबलावर इंग्रज अमदानीतली आमच्या गावच्या मयतांची मोडी वही होती, आणि ती वाचायला मोडी जाणणारे गुरुजी आणले होते. आत्या आज सत्त्याऐंशीची. तिची आई गेली तेव्हा ती तीन महिन्यांची. पोरगी झाली म्हणून आईनं विहीर जवळ केली, हे ओझं आत्यानं जन्मभर वाहिलं. डोळे मिटायच्या आत खरं काय ते तिला ऐकायचं होतं.

आमच्या घराण्यात खरं हा चुकून आलेला पाहुणा. आजोबांनी, म्हणजे आत्याच्या वडलांनी, भीमेतली मगर धोतरात बांधून बाजारात आणली होती म्हणे. मी ती मगर सांगून सांगून दोन हात लांब केली. त्या दिवशी मात्र मी मगरीचं नाव काढलं नाही.

“ही तुमच्या आईची नोंद. बाई, वय अठरा,” गुरुजी म्हणाले. “कारण, ताप.”

आत्यानं श्वास सोडला. पण गुरुजींचं बोट खाली सरकत राहिलं. ताप. ताप. पुढचं नाव वाचलं, तेही ताप.

“ह्यो?” आत्या ताठ झाली. “ह्यो शेजारचा रगत ओकून मेला. समद्या गावाला म्हाईत हाय. ह्यालाबी तापच? मग माझ्या आईला विहिरीतनं काढूनबी तापच लिवला आसंल!”

“न्हाई आजी,” गुरुजी चाचरले. “देवी-पटकी सोडली तर दुखण्याला पोलीस पाटील सरसकट ताप लिहायचे. पाण्यातलं प्रेत म्हंजी फौजदार, पंचनामा. ते लपवायची टाप नव्हती.”

“दाखवा. तसं एक तरी दाखवा.”

गुरुजी पानं उलटू लागले. आत्याची नखं माझ्या मनगटात रुतली. खुणा अजून आहेत, वाटलं तर दाखवतो. ताप, देवी, ताप, पटकी, ताप. वही संपत आली. चारच पानं उरली होती.

“हे घ्या. पुरुष, वय तीस. विहिरीत पडून. पंचनामा झाला. अक्षर त्याच पाटलाचं.”

आत्यानं माझं मनगट सोडलं. पदरानं वहीवरची धूळ पुसत राहिली.

तळेगाव ढमढेऱ्याच्या जीपमध्ये मी हसतच विचारलं, “आत्या, मग विहिरीचं तुला सांगितलं तरी कुणी?”

“तुझ्या आज्यानं.”