यॉटचा बेत

मुलाचा मुंबईहून फोन आला तेव्हा मी कोळंबी सोलत होते. म्हणाला, "आई, यंदा तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला यॉट ठरवलीय. अख्खी. बुरोंडीच्या पुढे ते किल्ल्याचं बेट आहे ना, तिथं दिवसभर जाऊन यायचं. फक्त आपण घरचेच." आता हा माझा मुलगा म्हणजे रिक्षावाल्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालणारा. हा यॉट ठरवतो? मी तेव्हाच मनात म्हटलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

त्याहून मोठा धक्का आमच्या ह्यांनी दिला. सगळी नोकरी जहाजावर काढलेला माणूस. निवृत्त होऊन घरी आले ते बोटीत पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणूनच. मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला जातात तेसुद्धा समुद्राकडं पाठ करून बसतात. मला वाटलं, आता मुलाला झाडतील. तर म्हणतात कसे, "जाऊया की. हवा बरी आहे." हवा बरी आहे म्हणे! एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं कुठल्याही बेताला पहिल्या फटक्यात हो म्हटलेलं नाही.

मग मी कामालाच लागले. मुलानं बेटाचा फोटो पाठवला होता. पांढरीशुभ्र वाळू, पाण्यावर वाकलेले माड, खाली निळंशार पाणी. मी चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला. किल्ल्याच्या बेटाच्या फोटोत किल्लाच नाही! मिरकरवाड्याला मासळी आणायला गेले तेव्हा माझ्या नेहमीच्या मासेवालीला विचारलं, "काय गो, यॉट कशी असते?" ती म्हणाली, "मासे न धरणारी बोट, वहिनी. तुमच्याकडं बारसंबिरसं आहे की काय?" माझं तोंडच कडू झालं. मुलाच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून पाळणा हललेला नाही, आणि हे तिलाही ठाऊक आहे.

पुढं तर कहरच झाला. मुलगा म्हणाला, "तुम्ही दोघं गाडी करून थेट जेटीवर या. आम्ही मुंबईहून परस्पर तिथंच येतो." म्हणजे रत्नागिरीला आईच्या घरी यायचं नाही? सुनेनंही महिनाभर व्हिडिओ कॉल बंद केलेला. "नेटवर्क नाही हो, आई." मुंबईत नेटवर्क नाही आणि माझ्या स्वयंपाकघरात आहे! एकदा तिच्या मागून लहान मुलाचं रडणं ऐकू आलं. "शेजारचं आहे," म्हणाली आणि घाईघाईनं फोन ठेवला.

मी काय काय म्हणून मनात आणलं नाही? ह्यांना काही आजार निघाला असेल, म्हणून औषधांचा डबा उपसला. तीच आपली बीपीची गोळी. मग वाटलं, घर विकायचं असेल, बोटीत बसवून सह्या घेतील. नाहीतर मुलाचं आणि सुनेचं फाटलं असेल. "बोटीत जागा असेल तर शेजारणीला घेऊया का?" असा खडा टाकून बघितला. "नको!" फोनवरून मुलगा आणि समोरून हे, दोघंही एकदम ओरडले. पण ताकास तूर लागू देतील तर शपथ.

निघायच्या आदल्या सकाळी ह्यांचा फोन वाजला. हे अंघोळीला गेलेले, म्हणून मी उचलला. बोटवाला होता. "काकी, उद्याचं पक्कं ना? मोठी लाइफ जॅकेटं चार ठेवलीत. लहानाचं तेवढं सांगा, मुलगी केवढी आहे? आमच्याकडं दोन मापं आहेत."

मुलगी! "विचारून सांगते," एवढंच कसंबसं म्हणाले आणि न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभी राहिले. हे डोकं पुसत बाहेर आले, माझं तोंड बघितलं आणि तिथंच स्टुलावर बसले.

"कोणाची मुलगी?"

"आपलीच. त्यांनी दत्तक घेतलीय. महिना झाला घरी येऊन."

"महिना! सगळ्यांना ठाऊक, आणि मी तेवढी शत्रू?"

"अगो, तुझ्या भाच्यानं मूल दत्तक घेतलं तेव्हा सगळ्यांदेखत काय बोललीस तू? आणि घरात काही सांगायला गेलं की तू फणकाऱ्यानं उठून आत जातेस. बोटीवर कुठं जाशील?"

बोलते मी. तोंड आहे तर बोलणारच. पण म्हणून बायकोला भरसमुद्रात नेऊन सांगायचं? मी आणखी तोंड सोडणार, एवढ्यात हे हळूच म्हणाले, "ती पोर आधी एका घरात गेली होती. त्यांनी परत पाठवली. आता तिच्यासमोरून कोणी रागानं उठून गेलं ना, की ती दिवसभर घास घेत नाही."

माझा राग जागच्या जागी बसला. मग वाईट वाटलं, आणि मग पुन्हा राग आला, पण तो त्या लोकांचा. परत पाठवली म्हणजे काय? पोर म्हणजे काय साडी आहे, रंग आवडला नाही म्हणून बदलून आणायला? आणि माझ्या माणसांना वाटत होतं, मीही तसंच करीन. हे फार लागलं मला.

मी सुनेला फोन लावला. "मुलगी केवढी आहे?"

"आई, मी तुम्हाला सांगणारच..."

"ते राहू दे. केवढी आहे ते सांग. बोटवाला खोळंबलाय. जॅकेट सैल झालं तर पोर खालून निसटेल."

"पाच वर्षांची. पण अंगानं बारीक आहे हो," म्हणाली आणि रडायला लागली.

तिच्या मागून एक बारीक आवाज आला, "आई, कोण आहे?"

सून नुसती मुसमुसत राहिली. मी पोरीची कोण, ते माझ्याआधी बोलायची तिची छाती होईना, हे मला इथं बसून कळलं. पोरीनं पुन्हा विचारलं. मग मी ओरडलेच, "आजी आहे म्हणून सांग गो तिला! गप्प काय बसलीस?"