पूर्णेच्या काठी दिलेला मुलगा

बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी माझी बायको गेली आणि मला प्रार्थना करता येईना. गुडघे टेकायचो, डोळे मिटायचो, पण ‘बापा’ म्हणायला तोंड उघडलं की पाळण्यातलं पोर रडायचं आणि शब्द तिथेच अडकायचा. मीही बापच होतो, आणि लेकराच्या तोंडात घालायला माझ्याजवळ काही नव्हतं. त्या वर्षी दूरदेशीच्या कुठल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. साऱ्या गावाने ज्वारी सोडून कपाशी लावली. मग कडबा कुठला, आणि कडबा नाही तर दूध कुठलं? गाई-म्हशी आटून गेल्या होत्या. माझ्या घरात आढ्यापर्यंत कापूस होता. त्याचाच बोळा करून शेळीच्या दुधात बुडवायचो आणि बाळाच्या ओठांवर पिळायचो. ते त्याच्या पोटात ठरत नव्हतं.

आम्ही नवरा-बायकोने अमरावतीला बाप्तिस्मा घेतला होता. कापसाच्या गाड्या घेऊन मी तिकडे जायचो, तेव्हा बाजारात पाद्रीसाहेबांचं बोलणं कानावर पडायचं. देव बाप आहे, ही एकच गोष्ट माझ्या मनात घर करून बसली, कारण माझा बाप मी पोरवयातच गमावला होता. ख्रिस्ती झालो म्हणून भावाने मला वेगळं काढलं, त्याचं मी फारसं मनाला लावून घेतलं नाही. पण आता पोर घेऊन त्याच्याच दारात जावं लागलं. वहिनीची मुलगी अजून अंगावर पीत होती. माझं पोर रडलं तशी वहिनीची चोळी ओली झाली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ती खाली मान घालून आत गेली आणि माझी आई उंबरठ्यात आडवी उभी राहिली.

“आमच्या घरचं दूध याले पाजलं तं आमालेई जातीतून काढतीन,” आई म्हणाली. “तुह्या देवाले माग दूध. बाप हाय ना तो तुहा?”

मला तिचा संताप आला. पण ती खोटं काय बोलली? मी तेच तर मागत होतो, आणि तो देत नव्हता.

अकोल्याच्या जुन्या शहरात एक ख्रिस्ती कुटुंब आहे, त्यांची सून नुकतीच बाळंत झाली आहे, असं मी ऐकून होतो. माझी थोरली मुलगी रूथ चार वर्षांची. तिला शेजारच्या म्हातारीजवळ ठेवलं आणि पोर छातीशी बांधून पहाटे निघालो. पूर्णा नदीच्या काठी पोचेपर्यंत ऊन चढलं होतं आणि पोराने रडणं थांबवलं होतं. रडत होतं तोवर मला आशा होती. मी पाण्याशी बसलो आणि देवाला चांगलंच सुनावलं. तू आपल्या मुलाला मरू दिलंस ते तुझं तुझ्यापाशी, माझा कशाला नेतोस, असं म्हणालो. हे लिहितानाही मला लाज वाटत नाही. त्या दिवसांतली माझी खरी प्रार्थना तेवढीच.

काठावर मिठाच्या गोण्या वाहणाऱ्या लमाणांचा तांडा उतरला होता. त्यातली एक बाई घागर घेऊन पाण्यावर आली. माझ्या हातातल्या गाठोड्याकडे तिने बराच वेळ पाहिलं.

“माय कुठी हाय याची?”

“गेली,” मी म्हणालो.

तिने जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. पोर माझ्या हातातून काढून घेतलं आणि ओढणीआड धरलं. आधी त्याला ओढताच येईना. तिने बोटाने दूध त्याच्या ओठांना लावलं, पुन्हा लावलं, आणि मग ते प्यायला लागलं. मी तिथेच चिखलात बसून ढसाढसा रडलो.

“माहं परवा गेलं,” ती पोराकडे पाहतच म्हणाली. “वाटेतच पुरलं. अकोल्यात पटकीची साथ हाय, गाव रिकामं होऊन राहिलं. तिकडे याले नेऊ नको.”

पुढे आमचे पाद्रीसाहेब याला देवाची करणी म्हणत. माझ्या लेकराला दूध मिळावं म्हणून का तिचं लेकरू पटकीने जावं? असा हिशेब देव करत असेल, तर तो मला आजही कळत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की मी भांडून उठलो तेव्हा ती समोर उभी होती.

तांडा सकाळी नागपूरकडे निघणार होता. परक्या माणसाला सोबत घ्यायला तांड्याचा नायक तयार नव्हता, आणि घरी रूथ होती. “याले मले दे,” बाई म्हणाली. “चालाले लागलं की याच वाटेनं आणून देईन.” रात्रभर मी पोर मांडीवर घेऊन बसलो. दिलं तर ते माझं राहत नव्हतं, ठेवलं तर ते जगत नव्हतं. मुलगा देऊन टाकणारा बाप म्हणजे काय, हे मी अमरावतीला कितीदा ऐकलं होतं आणि दर वेळी सहज मान डोलावली होती. उजाडता मी ओंजळीत पूर्णेचं पाणी घेतलं. तिला सांगितलं, मला याचा बाप्तिस्मा करायचा आहे.

“घाल पाणी,” ती म्हणाली. “पण लेकराले गार लागू देऊ नको.”

बायकोने ठरवलेलं दानियेल हे नाव ठेवून मी त्याला तिच्या हाती दिलं. ती लगेच ‘दान्या’ म्हणू लागली.

अकोल्याच्या त्या घरातलं कुणी वाचलं नाही, हे मागाहून कळलं. पुढच्या हंगामात मी दररोज वाटेवर उभा राहिलो, त्याच्या पुढच्याही. मग आगगाडी आली, मीठ आणि कापूस तिच्यातून जाऊ लागला, आणि बैलांचे तांडे त्या वाटेला फिरकेनासे झाले. दानियेल आहे की नाही, मला माहीत नाही. माझ्या हातून तो गेला, तरी ज्याला आम्ही बाप म्हणतो त्याच्या हातून गेला नसावा, एवढ्या भरवशावर मी निजतो. त्या बाईसाठी रोज देवाचे आभार मानतो, आणि तिच्या पुरलेल्या लेकरासाठी रडतो.

एखादा लमाण अजूनही कधी दारावरून जातो. मी त्याला थांबवतो, पाणी देतो, भाकर देतो. पूर्वी नावही विचारायचो. एकदा एका जवान पोराने नाव सांगितलं, ते दुसरंच निघालं, आणि भाकर देता देता माझा हात आखडला. त्या उपाशी पोराने ते पाहिलं. तेव्हापासून मी नाव विचारत नाही.